काठाचं टोक

एका दिवसात चार टोपल्या. सून हा आकडा त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटली होती. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना सांगितला, नवऱ्याला दोनदा सांगितला, फोनवर नणंदेला सांगितला आणि सासूबाईंना तर समोर बसून, बोटांवर मोजत सांगितला. सासूबाईंची दिवसाला दीड टोपली व्हायची. दीड म्हणजे एक पूर्ण आणि दुसरीचा तळ. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं झालं, हात बसला तुझा," म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या विणीकडे वळल्या. सुनेला याहून जास्त कौतुक हवं होतं. ते कुणाला नको असतं म्हणा!

घरातलं हे काम मुळात सासूबाईंचं. सुनेचा नवरा मालाची गाडी चालवायचा. गोदामात मोठे खोके उघडले, की त्यांच्याभोवती आवळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून कोपऱ्यात फेकून देतात. तो त्या पोत्यात कोंबून घरी आणायचा. सासूबाई लोखंडी क्लिपा कापून टाकायच्या, पट्ट्या साबणाच्या पाण्यात धुवायच्या, गॅलरीतल्या दोरीवर वाळवायच्या आणि मग जमिनीवर बसून तळ मांडायच्या. कोपरे सुटू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे, एक पट्टी वरून, एक खालून, मग उभ्या पट्ट्या वाकवून भिंती चढवायच्या. इथपर्यंत कुणालाही जमतं. कस लागतो तो काठाशी. तिथे प्रत्येक पट्टीचं टोक उलटं वळवायचं, विणीतली घरं चपट्या स्क्रूड्रायव्हरनं किलकिली करायची आणि टोक चार घरं मागे सरकवायचं. मग ते पुन्हा बाहेर येत नाही. एका टोपलीला अशी चाळीस टोकं.

तिरकी कापलेली पट्टी म्हणजे पातंच. म्हणून सासूबाईंचा नियम कडक होता. चार घरं म्हणजे चार घरं, आणि टोपली संपली की मनगटाची आतली बाजू काठावरून एक पूर्ण फेरी फिरवायची. "बोटं काम करून निबर होतात, त्यांना काही कळत नाही. मनगटाला लगेच कळतं," असं त्या म्हणायच्या.

कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या ताईंनी खेळणी ठेवायला बारा टोपल्या सांगितल्या होत्या. बाराही सारख्या, पिवळ्या अंगाच्या आणि निळ्या काठाच्या. आठ सासूबाईंनी विणल्या, चार सुनेने. त्या चारांपैकी पहिली अगदी नियमाने झाली. दुसरीची टोकं तीन घरांवर थांबली. तिसरीची दोनच घरं गेली, कारण तोवर अंगठा सुजला होता आणि दुपारी पाणी भरायला खाली गेली तेव्हा ती शिंपीणबाईंना "आज चार!" असं सांगून बसली होती. आकडा आधी जाहीर झाला होता आणि टोपल्या मागून धापा टाकत येत होत्या. चौथीच्या काठाशी पोचली तेव्हा उजेड उतरायला लागला होता. वीण घट्ट आली होती, स्क्रूड्रायव्हर आत शिरेना. मग तिने टोकं दातांत धरून चेपली, जेमतेम एक घर आत ढकलली आणि उरलेली कात्रीने काठाशीच उडवली. दोनतीन तर घरात गेलीच नाहीत, नुसती पट्टीआड दडवली. वरून बघितलं तर टोपली झकास दिसत होती. मनगट फिरवायचं ती विसरली नव्हती. ते तिने मुद्दाम टाळलं होतं.

नऊ दिवसांनी पाळणाघराच्या ताई टोपली हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, पण ताई तशा नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. काल आमच्या कुरळीनं, त्या कुरळ्या केसांच्या छोटीनं, चेंडू काढायला टोपलीत हात घातला, आणि तळहात चिरला. तीन टाके पडले. दोन वर्षांचं पोर हो. एक पट्टी बाहेर आली होती, बघा."

सासूबाईंनी टोपली मांडीवर घेतली आणि काठावरून मनगट फिरवलं. मनगट एका जागी थबकलं. बोटाने त्यांनी ती जागा चाचपली, पुन्हा चाचपली.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनेला ती जागा लांबूनच दिसली. टोकावर दातांचे दोन खळगे होते. आपलं काम कुणीही ओळखतं, आणि वाईट काम तर जरा जास्तच लवकर.

"माझंच आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालाच होता गेल्या महिन्यात, मोतीबिंदू धरतोय म्हणून. मी मनावर घेतलं नाही. क्लिपेनं चेपलेला तुकडा काठाला वापरला मी, तोसुद्धा मला दिसला नाही. हे बघा, खळगे लागतात हाताला." त्यांचा आवाज बारीक झाला. "तीन टाके... एवढ्याशा हाताला!"

सुनेने तोंड उघडलं. बोलायचं तेच होतं, शब्दही तयार होते. बाहेर आलं ते एवढंच, "ताई, चहा ठेवू का?"

ताईंनी चहा घेतला नाही. त्या गेल्यावर सासूबाईंनी ती टोपली कात्रीने उभी चिरली, तळापर्यंत. मग म्हणाल्या, "बाकीच्या अकरा आण बाई परत. मी एकेक हातात घेऊन बघते. आणखी कुठल्या पोराला लागायला नको."

"आत्ता आणते, आई," सून म्हणाली आणि निघाली. निघताना तिने पिशवीत स्क्रूड्रायव्हर, कात्री आणि निळ्या पट्टीची एक गुंडाळी टाकली.

घाईत टोक आखूड कापलं गेलं, ही चूक म्हणता येईल. पण स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला त्याला चूक म्हणायची सोय नाही. पाळणाघराच्या मागच्या बाजूला नळ आहे, तिथल्या पायरीवर ती बसली. अकरांतल्या आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टोपलीची आखूड टोकं उपसून काढली आणि नवे तुकडे घातले. आणि या वेळी मात्र चार घरं मोजून घातले, एकही कमी नाही. शेवटी मनगटसुद्धा फिरवलं, दोनदा. आत कुणीतरी लहान पोर रडत होतं. ते कुरळी आहे की दुसरं कोण, हे बघायला ती उठली नाही.

घरी सासूबाईंनी अकरा टोपल्या एकामागोमाग एक मांडीवर घेतल्या. प्रत्येकीच्या काठावरून मनगट फिरवताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्या थांबत नव्हत्या. सून समोर भिंतीला टेकून बसली होती. अकरावी खाली ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या चारही चोख आहेत. एवढ्या घाईत केल्यास, तरी एक टोक बाहेर नाही. मी उगाच मनात म्हणत होते, ही पोर धांदरट आहे. धांदरट तर मीच निघाले."

त्यांनी आपली कात्री, स्क्रूड्रायव्हर आणि चिमट्यांचा डबा उचलून तिच्यासमोर ठेवला. "आता हे तुझं."

"अहो आई, असं काय करता..."

"नको. माझ्या हातून पोराला इजा झाली. आता पुरे."

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते सुनेने दोन आठवडे डोळ्यांनी बघितलं. ज्या बाईला अंधारात सुई ओवता येत होती ती जिना उतरताना भिंत चाचपू लागली. कपात चहा किती आहे ते विचारू लागली. शिंपीणबाई गप्पांना बोलावून गेल्या तरी, "मला दिसत नाही गं आता," म्हणून खिडकीशी बसून राहू लागली. खरं तर त्यांना परवापर्यंत दिसत होतं तेवढंच आजही दिसत होतं. मोतीबिंदू दोन आठवड्यांत असा पिकत नाही. पिकली होती ती शंका, आणि तिला पाणी घालणारी रोज सकाळी त्यांच्या हातात कप देऊन "समोरच आहे, आई" म्हणत होती.

मग नवऱ्याने बहिणीला फोन केला. नणंद दुसऱ्या गावात राहायची, चौथ्या मजल्यावर. ती म्हणाली, "आईला माझ्याकडे घेऊन येते. इथे मोठा दवाखाना जवळ आहे, आणि तिला एकटीनं बाहेर पडायला नको." शनिवारी यायचं ठरलं. सासूबाई हो म्हणाल्या. पट्ट्यांची पोती भंगारवाल्याला देऊन टाक, असंही म्हणाल्या. त्या रात्री सुनेच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीत ही बाई रिकामे हात मांडीवर ठेवून बसणार, आणि का, तर एका दिवसात चार टोपल्या झाल्याचं खाली जाऊन सांगायचं होतं म्हणून!

गुरुवारी दुपारी तिने धीर केला. डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते, ते घालायचं काम तिच्याकडेच होतं. सासूबाईंनी मान मागे टाकली होती, डोळे मिटले होते. समोरचे डोळे मिटलेले असले की बोलणं सोपं जातं.

"आई, ती टोपली माझी होती. तुमची नव्हती. टोकं मी आखूड कापली होती."

मग त्यांचा हात वर आला आणि तिचा गाल सापडेपर्यंत हवेत चाचपडत राहिला.

"किती गं जीव लावतेस," त्या म्हणाल्या. "पण म्हातारीची अशी समजूत काढू नये. मी तपासल्यात ना तुझ्या चारही? एकेक टोक बघितलंय."

"आई, खरंच..."

"थेंब नीट घाल, गालावर पडला."

आणि सुनेने थेंब नीट घातला. पुढचं सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी तिला हायसं वाटलं. सांगून झालं होतं! तिने सांगितलं, त्यांना पटलं नाही, आता त्यात तिचा काय दोष? त्या संध्याकाळी ती दोन घास जास्त जेवली. शुक्रवारी शिंपीणबाईंनी तिला जिन्यात अडवलं. "आजी सांगत होत्या, तू म्हणे दोष आपल्या अंगावर घ्यायला निघालीस. आमच्या घरात असं कुणी करेल तर शपथ!" सून मान खाली घालून हसली. लोकांना तो विनय वाटला. जिना चढताना मात्र तिला स्वतःची अशी किळस आली की ती मधल्या पायरीवर थांबून राहिली.

शनिवारी सकाळी नणंद आली. आल्या आल्या तिने वहिनीला मिठी मारली आणि पिशवीतून स्वेटर काढला, मऊ, राखाडी. "तुझ्यासाठी आणलाय. आईनं फोनवर सगळं सांगितलं. वहिनी, मी पोटची पोर, पण मला नसतं सुचलं बघ असं बोलायला."

सुनेने स्वेटर हातात घेतला. आत सासूबाईंचे कपडे पिशवीत भरले जात होते. पट्ट्यांची पोती दाराशी आणून ठेवली होती, भंगारवाला दुपारी यायचा होता. स्वेटर तिने खुर्चीवर ठेवला, पोत्यात हात घालून निळ्या पिवळ्या पट्ट्या ओढल्या आणि सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसकण मारली.

"वहिनी, आता कसलं विणतेस? दीडची गाडी आहे," नणंद म्हणाली.

सुनेने पट्ट्या मांडल्या. हातभर लांबीचा काठ तिने उभा केला, पूर्ण टोपली नव्हे, नुसता काठाचा तुकडा. मग टोक वळवलं, दातांत धरून चेपलं, एक घर आत ढकललं आणि कात्रीने तिरकं उडवलं. दुसरं तसंच. तिसरं घरात न घालताच पट्टीआड दडवलं. तो तुकडा तिने सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट धरून टोकावर टेकवलं.

"चौथी टोपली अशी केली होती मी. सगळा काठ असा."

बोट टोकावरून पुढे सरकलं. खळग्यांपाशी आलं आणि थांबलं. पुन्हा मागे जाऊन पुन्हा खळग्यांत आलं.

"हे दात आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मला क्लिपेचा चिमटा वाटला." बोट खळग्यातच होतं. "माझ्या तोंडात पुढचे दात आहेत कुठे पट्टी चावायला?"

नणंदेला हसू येणार होतं. आईचा चेहरा बघून ते आलं नाही.

"पण बाकीच्या तुझ्या टोपल्या मी तपासल्या," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "त्या चोख होत्या."

इथे थांबता आलं असतं. एवढ्यावर क्षमाही मिळाली असती कदाचित. सुनेने मान वर केली. "दोन चोख नव्हत्या. परत आणायला गेले तेव्हा पाळणाघराच्या मागच्या पायरीवर बसून मी त्या दुरुस्त केल्या. तुम्ही तपासायच्या आधी."

"वहिनी!" नणंद म्हणाली. एवढंच म्हणाली.

"म्हणजे मी एकेक टोपली हातात घेऊन रडत होते," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू समोर बसून बघत होतीस."

"हो, आई."

सासूबाईंनी तो तुकडा उचलून खिडकीकडे धरला. डोळे बारीक करून त्यांनी टोक बघितलं, खळगे बघितले. दिसत होतं त्यांना. मग त्या उठल्या आणि भिंत न चाचपता कपाटापर्यंत गेल्या.

"माझी कात्री दे," त्या म्हणाल्या. "स्क्रूड्रायव्हर दे. चिमटे दे सगळे. आणि त्यातलं एक पोतं गाडीवर चढवायला सांग तुझ्या नवऱ्याला."

"आई, म्हणजे तू येतेस माझ्याकडे?" नणंद गोंधळली. "मला वाटलं, आता..."

"येते ना. डोळ्यांसाठी नाही येत. माझे डोळे आहेत तसे बरे आहेत." कात्री पिशवीत ठेवताना त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "इथे हिच्यासमोर बसून मला काही दिवस विणता यायचं नाही. तिथे विणेन."

सुनेने चिमटे डब्यात भरून डबा दिला. पाया पडावं, माफ करा म्हणावं, असं बरंच मनात येत होतं, पण त्या माफीतही स्वतःचीच सोय दिसायला लागली होती. म्हणून ती हात जुळवून नुसती उभी राहिली.

चपला घालताना सासूबाईंनी विचारलं, "त्या पोरीचा हात कसा आहे?"

"कुणाच्या?" सुनेच्या तोंडून निघालं.

"मी तीनदा जाऊन आले," सासूबाई म्हणाल्या. "शिंपीणबाईला धरून धरून. टाके काढलेत. मूठ नीट मिटत नव्हती अजून. तू एकदा तरी जाऊन बघितलंस?"

नव्हतं बघितलं. सोळा दिवसांत एकदाही नाही. झोप गेली होती, घास गेला होता, गुरुवारी जीव हलका झाला होता आणि शुक्रवारी पुन्हा जड झाला होता. या सगळ्यात ते दोन वर्षांचं पोर तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिने नाही म्हणून मान हलवली. सासूबाई जिना उतरल्या. मागून पिशव्या घेऊन नणंद गेली. स्वेटर खुर्चीवरच राहिला. तो परत नेण्याची कुणालाही आठवण झाली नाही.

नवऱ्याची गाडी त्यांना घेऊन कोपऱ्यावरून वळली तशी सून तडक पाळणाघराकडे निघाली. शनिवारी ते दोनला बंद व्हायचं. ताई दारातच पोरांच्या चपला जोडीने लावत होत्या. आत सतरंजीवर कुरळी बसली होती, आणि तपासून परत दिलेल्या पिवळ्या टोपलीतून ठोकळे काढत होती. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर अर्धवट मिटलेला होता.

"या ना," ताई म्हणाल्या. "आजी कशा आहेत? डोळे फारच गेले का हो?"

"त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," सून म्हणाली. "ती टोपली त्यांची नव्हती. मी विणली होती. टोकं मी आखूड कापली, आणि तुम्ही घरी आलात तेव्हा मी गप्प बसले."

आता ताई हसतील, सासूसाठी किती करता हो म्हणतील, म्हणून तिने पुढचं सगळं तयार ठेवलं होतं, दातांचं, पायरीचं, स्क्रूड्रायव्हरचं. काठाचा तो तुकडासुद्धा पिशवीत आणला होता. हात पिशवीत गेलाही होता.

"तरीच," ताई म्हणाल्या.

त्या पुन्हा खाली वाकल्या आणि उरलेली चपलांची जोडी भिंतीशी लावून ठेवली. "सहा वर्षं आजींच्या टोपल्या वापरतेय मी. त्यांच्या हातचं काम असं नसतं. मला तेव्हाच पटलं नव्हतं, पण त्या स्वतःच म्हणाल्या, मग मी काय बोलणार? तुमचंच असेल असं वाटलं होतं मला."

सुनेने पिशवीतला हात बाहेर काढला. ताईंना काहीही दाखवावं लागलं नाही.